कागदावर घरंगळलेल्या दोन गोळ्या

नौपाड्यातील आमच्या औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्ट दादांना,

स. न. वि. वि.

आम्ही जर्मनीहून परतलो त्याला आज चार दिवस झाले. या चार दिवसांत दोनदा मी तुमचे आभार मानायला फोन केला आणि दोन्ही वेळा "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदललात. त्यामुळे हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. येथे तरी तुम्हाला मला मध्येच थांबवता येणार नाही.

बाबांना गेल्या नोव्हेंबरात स्टेंट बसवला, हे तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यातील या प्रवासाला परवानगी देताना डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी कॅप्सूल एकही दिवस चुकू देऊ नका, असे बजावले होते. सहल नेणाऱ्या कंपनीने मात्र ठाण्यातील बैठकीत हातातील सामान हलके ठेवण्याचा इतका आग्रह धरला, की महिन्याभराची औषधे मी मोठ्या बॅगेत भरली. ती चूक माझी, आणि ती मी मान्य करते. आखातात विमान बदलताना ती बॅग मागे राहिली आणि रविवारी सकाळी फ्रँकफर्टच्या विमानतळावर, फिरता पट्टा थांबेपर्यंत, आम्ही दोघे तिची वाट पाहत उभे होतो.

विमान कंपनीच्या खिडकीवर तक्रार लिहून घेतली गेली, पण बॅग कधी येईल याचे उत्तर कोणी दिले नाही. सहलीच्या व्यवस्थापकांनी बाबांच्या देखत मला सांगितले, की एक दिवस गोळी चुकली तर काही बिघडत नाही, आणि बाकीच्यांना घेऊन बस ऱ्हाईन नदीकडे निघून गेली. 'चोवीस तास तुमच्या सोबत' असे ज्या कार्डावर छापले होते, त्यावरील क्रमांक मी अकरा वेळा लावला. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही आणि तो लपवण्याचे मला कारणही दिसत नाही.

जर्मनीत रविवारी कायद्यानेच बहुतेक दुकाने बंद असतात. औषधांची काही दुकाने पाळीपाळीने उघडी राहतात, पण आपल्या ठाण्यातील डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेथे ही औषधे मिळत नाहीत. हॉटेलमधील मुलीने 116117 हा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर मिळवून देणारा क्रमांक लावून दिला, त्यामुळे डॉक्टरांपर्यंत आम्ही पोहोचलो. त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि मान हलवली. त्यावरील सगळी नावे आपल्याकडील कंपन्यांची होती, त्यांना त्यांतले एकही कळेना. त्यांना हवे होते ते औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम, आणि ते मला सांगता येत नव्हते. चिठ्ठी वर्षानुवर्षे तुमच्या काचेवर ठेवून पिशवी घेऊन घरी येण्याची सवय असलेल्या माणसाला ते कसे सांगता येणार?

तेव्हा मी तुम्हाला फोन केला. ठाण्यात दुपारचे साडेचार वाजून गेले होते, दुकान बंद होते, तुम्ही कळव्यात घरी होतात आणि त्यात लोकल गाड्यांचा रविवारचा मेगाब्लॉक. तुम्ही रिक्षा करून खाडीपूल ओलांडून आलात, शटर वर केलेत आणि पाऊण तासात तुमच्या हातच्या टपोऱ्या इंग्रजी अक्षरांतील यादी माझ्या फोनवर आली: क्लोपिडोग्रेल 75, अ‍ॅस्पिरिन 75, टेल्मिसार्टन 40, अ‍ॅटोर्वास्टॅटिन 40, प्रत्येकापुढे घेण्याची वेळ. डॉक्टरांनी ती वाचली आणि लगेच लिहायला घेतले. अ‍ॅस्पिरिन तेथे 100 ची मिळते, तीच त्यांनी दिली.

इतके केलेत त्याबद्दलच हात जोडावेत, पण मला जे विसरता येत नाही ते त्यानंतरचे आहे. औषधे हातात आली आणि बाबांनी ती घ्यायला साफ नकार दिला. वागळे इस्टेटमधील कारखान्यात तयार माल तपासण्यात त्यांचे आयुष्य गेले. डोळ्यांना पटल्याशिवाय ते काही स्वीकारत नाहीत. "माझी कॅप्सूल एक आहे, ह्या दोन गोळ्या कुठून आल्या?" एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. रात्रभराचा प्रवास, पोटात अन्न नाही, अंगावर विमानातलेच कपडे. मी समजावले, रडले, शेवटी चिडून बोलले. त्यांचे हात थरथरत होते, पण मूठ उघडत नव्हती.

तुम्ही अजून दुकानातच थांबला होतात. मी व्हिडिओ कॉल लावला. तुम्ही बाबांना काही समजावायला गेला नाहीत. फळीवरून त्यांच्या ओळखीची पट्टी काढलीत, त्यातली एक कॅप्सूल पांढऱ्या कागदावर धरलीत आणि तिचे कवच दोन बोटांनी हलकेच उघडलेत. आतून दोन वेगळ्या छोट्या गोळ्या, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन, कागदावर घरंगळल्या. "काका, बघा. आपल्याकडे ह्या दोघी एका घरात राहतात, तिकडे वेगवेगळ्या." बाबांनी चष्मा वर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिले, आणि पाणी मागितले.

त्यांनी गोळ्या गिळल्याचे पाहूनच तुम्ही शटर ओढलेत. तो आवाज मला फ्रँकफर्टमध्ये ऐकू आला.

त्या दिवशी ज्यांचे कामच आम्हाला सांभाळणे होते, त्यांनी पाठ फिरवली, आणि ज्यांची सुट्टी होती त्या तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाची शंका खुळचट मानली नाहीत. बाबांना कोणी दटावून गोळी घ्यायला लावली असती, तर ती पोटात गेलीही असती. पण पुढचे दहा दिवस ते धास्तावलेलेच राहिले असते. तसे झाले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या दोन गोळ्या ते स्वतः मागून घेत होते.

बॅग तिसऱ्या दिवशी आली. ती सहल कंपनी आता 'अभिप्राय' मागत आहे. तो मी वेगळा आणि सविस्तर लिहिणार आहे.

फोडलेल्या कॅप्सूलचे आणि रिक्षाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. त्यावरून मी वाद घालणार नाही, पण बाबांची एक विनंती आहे. तुम्ही हाताने लिहिलेला तो मूळ कागद अजून दुकानात असेल, तर तो त्यांना हवा आहे. पासपोर्टच्या कव्हरात तो कायमचा ठेवायचा असे त्यांनी ठरवले आहे. सोमवारी सकाळी ते स्वतःच घ्यायला येतील. जिना उतरून चालत येणार आहेत, तेव्हा त्यांना जरा खुर्ची द्या.

तुमची कृतज्ञ,
नौपाड्यातील एक ग्राहक आणि तिचे बाबा