'नको' म्हणायचे बटण कुठे आहे, मंत्रीमहोदय?

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

आपल्यामागे कामे पुष्कळ, तरी जतहून लिहिलेले हे पत्र आपण स्वतः वाचावे ही विनंती.

गेल्या मंगळवारी मिरजेला माझ्या आईची एंडोस्कोपी होती. आदल्या दिवशी दवाखान्याची मराठीत ईमेल आली: तपासणीआधी आठ तास काही खाऊ नये, चहा-बिस्किटही घेऊ नये. फोनमधल्या मेलच्या अ‍ॅपने त्या पत्राच्या डोक्यावर आपणहून सारांश चिकटवला: 'तपासणीआधी चहा-बिस्किट घ्यावे.' आईने तेवढेच वाचले, कारण ठळक अक्षरात तेवढेच होते. पहाटे पाचच्या एसटीआधी तिने चहा घेतला, दोन बिस्किटे खाल्ली. आत नेताना सिस्टरने विचारले, आई खरे बोलली, आणि आम्ही तशाच परत फिरलो. पुढची तारीख 23 दिवसांनी मिळाली.

तिचे वय 76. तीन महिने अर्ध्या भाकरीवर आहे. परतीच्या गाडीत ती चार वेळा म्हणाली, "माझंच चुकलं गं." तिचे काय चुकले, ते मला सांगा.

मी 22 वर्षे मुद्रितशोधन करते. एक 'नये' गळला तर वाक्य उलटे होते. तो गळू नये म्हणूनच मला पैसे मिळतात. हे सारांश लिहिणारे यंत्र मी मागितले नव्हते. एका अपडेटबरोबर ते आले, तेव्हा पडद्यावर दोनच बटणे होती: 'चालू करा' आणि 'नंतर आठवण करा'. 'नको' नव्हतेच. मंगळवारी रात्री सेटिंगमध्ये सहा पडदे खाली उतरले तेव्हा ते बंद करायची जागा सापडली. बंद केले, तर जाहिरातींच्या मेल वेगळ्या काढायची जुनी सोयही बंद पडली. शुक्रवारी नवे अपडेट आले आणि सारांश पुन्हा हजर. तक्रार करायला गेले, तर समोर पुन्हा यंत्रच. अर्धा तास त्याच्याशी टाइप करत बसले, माणूस काही मिळाला नाही.

आता तुमच्या कायद्याचे बोलू. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लिहिले आहे की संमती जितक्या सहज देता येते, तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. माझ्याकडून एका टिचकीत घेतली आणि परत मागायला सहा पडदे! कायदा झाला ऑगस्ट 2023 मध्ये, नियम निघाले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि संमतीची कलमे लागू व्हायला त्यापुढे आणखी 18 महिने. तोवर आमची पत्रे कोणीही उघडून चाळायची का? ग्राहक व्यवहार खात्याने 30 नोव्हेंबर 2023 ला अ‍ॅप आणि संकेतस्थळांवरच्या 13 फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. त्यात बळजबरी आहे, सारखा पिच्छा पुरवणेही आहे. माझ्या फोनवर दोन्ही रोज चालतात. कोणाला दंड झाला?

नको असलेल्या जाहिरातींच्या फोनसाठी 1909 हा क्रमांक आहे. तिथे नोंद करता येते, मग इथे का नाही? वापरणाऱ्यांना न विचारता व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मेटा एआय हे असेच कृत्रिम बुद्धिमत्तेचे (एआय) यंत्र बसवले म्हणून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने जुलै 2025 मध्ये चौकशी लावली. आणि तुमच्याच सरकारच्या अर्थमंत्रालयाने 29 जानेवारी 2025 ला कर्मचाऱ्यांना बजावले की कार्यालयाच्या संगणकावर असली एआय साधने वापरू नका, गोपनीयतेला धोका आहे. म्हणजे फायलींना धोका असतो हे तुम्हाला कळते. माझ्या आईच्या दवाखान्याच्या कागदाला नसतो?

देशात एआय वाढवायच्या सरकारी इंडिया एआय मिशनला 10 हजार कोटींच्या वर रक्कम मंजूर झाली. त्यातून 'नको'चे एक बटण निघत नाही. आधारही 'ऐच्छिक' म्हणूनच आले होते. कार्ड नाही म्हणून कोणाची अडवणूक करू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले, तरी रेशनच्या दुकानात म्हाताऱ्यांची बोटे उमटेनात म्हणून त्यांना परत पाठवलेले मी पाहिले आहे. आधी सोय म्हणून द्यायचे, मग सवय लावायची आणि शेवटी दुसरी वाटच बुजवायची, हे आम्ही दरवेळी भोगतो.

'नको'चे बटण पहिल्याच पडद्यावर, 'चालू करा'च्या शेजारी, तेवढ्याच आकाराचे हवे. एकदा नको म्हटले की अपडेटनंतरही ते नकोच राहावे. त्याच्या बदल्यात जुनी सोय काढून घेऊ नये. सरकारी अ‍ॅपनाही हेच लागू करा, आणि 18 महिने थांबू नका.

उत्तर पाठवाल तर माणसाने लिहिलेले पाठवा. आईला मी ते पहिल्या ओळीपासून वाचून दाखवीन. सारांशावर तिचा आता विश्वास नाही.

आपली,
जत तालुक्यातील एक मुद्रितशोधक