नोंदवही आमच्याकडे फिरवणाऱ्या अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' आमच्या गटात गेल्या आठवड्यात वाचून पूर्ण झालं. तळटिपांसकट. एवढा जाड संशोधनग्रंथ विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, बायका ऐकतील का, अशी शंका ज्यांनी ज्यांनी काढली होती, त्या सगळ्यांना हे कळावं म्हणून पत्र उघड लिहितेय. आणि तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत म्हणूनही. वाचनालयात तुमच्यासमोर उभी राहिले की माझ्या तोंडून 'येते अण्णा' यापलीकडे काही निघत नाही.

आमचा गट तुम्हाला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांना नसेल. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातल्या. घरात तेलुगू, शाळेत मराठी. माझी आई विड्या वळायची, त्या पैशांवर मी शिकले आणि शिक्षिका झाले. आजही गल्लीतल्या बहुतेक बायकांच्या मांडीवर संध्याकाळी सूप असतं. भिजवून कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. हात गुंतलेले, पण कान मोकळे. म्हणून एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी काम करता करता ऐकायचं, अशी आमची रीत पडली. जी वाचते तिच्या वाटच्या विड्या बाकीच्या मिळून वळतात. हा नियम मी घातलेला नाही, त्यांनीच घातला.

सुरुवात 'श्यामची आई'नं झाली. नाव सगळ्यांना माहीत, वाचलेलं फार थोड्यांनी. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं हे सांगितल्यावर एकीनं विचारलं, "तुरुंगात त्यांना कागद कोण देत होतं?" या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. पहिली रात्र, दुसरी रात्र. आम्हीही एका रात्री एकच रात्र वाचायचो. पुढची वाच म्हणून कितीही गळ घातली तरी नाही. रडणं व्हायचंच, पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते नंतरचं बोलणं. श्यामची आई त्याला चांगलं वागायला शिकवते ते ठीक, पण कर्जापायी दारात येऊन बोलणाऱ्या माणसासमोर ती कशी उभी राहते, यावर बायका कितीतरी वेळ बोलत राहिल्या. सावकाराचा माणूस दारात आलेला त्यांनी पाहिलेला आहे.

मग प्रकाश नारायण संत यांचं 'वनवास' आणलं. त्यातला लहानगा लंपन आमच्याकडे लगेच घरचा झाला. त्यातली सीमाभागातली कानडी वळणाची मराठी पुण्याच्या वाचकाला कदाचित कानाच्या सवयीची करून घ्यावी लागेल, सोलापूरकराला ती ऐकूनच माहीत असते. त्या पोराच्या डोक्यात चालणाऱ्या हजार गोष्टी ऐकताना बायका हसायच्या आणि हसता हसता आपापलं लहानपण काढायच्या. शाळेतून आल्यावर विड्यांची तोंडं मिटायला बसायचं, तेवढं झालं की खेळायला जायचं, हे जवळजवळ प्रत्येकीचं बालपण. एक अक्का म्हणाली, "माझ्या डोक्यातपण असंच चालायचं की. कुणी विचारलंच नाही." त्यानंतर लक्ष्मीनारायण बोल्ली यांचं 'एका साळियाने' वाचलं. आपल्याच गावातलं, आपल्याच समाजातलं, मागाच्या खटखटाटात वाढलेलं आयुष्य मराठीत छापलेलं आहे, याचा अभिमान मी त्या रात्री प्रत्येकीच्या चेहऱ्यावर पाहिला.

पण खरी ठिणगी पडली ती 'स्मृतिचित्रे'मुळे. लक्ष्मीबाई टिळकांचं लहानपण, वडिलांच्या सोवळ्याच्या वेडानं गांजलेलं घर, पुढे 1895 मध्ये नवऱ्यानं ख्रिस्ती होणं, त्यांची ताटातूट, आणि काही वर्षांनी स्वतः विचार करून लक्ष्मीबाईंनीही तोच धर्म स्वीकारणं. आमच्या गटात देवभोळ्या आहेत, उपास-तापास करणाऱ्या आहेत, रमजानचे रोजे ठेवणाऱ्या दोघी आहेत. श्रद्धा म्हणजे काय, ती नवऱ्याची की आपली, ती बदलता येते का, बदलली तर आधीचा देव रागावतो का, असे प्रश्न तिथे निघाले. आषाढीला न चुकता पंढरपूरला जाणाऱ्या अक्कांनी विचारलं, "मी ज्याच्यासाठी जाते तो विठ्ठल नेमका कुठून आला, हे कुणी लिहिलंय का?" दुसरीनं विचारलं, "संतांनी आपल्याला सोसायलाच शिकवलं का?"

याची उत्तरं पुस्तकांत आहेत हे मला माहीत होतं. आणि तिथूनच दारं बंद व्हायला लागली.

नाव कुणाचं घेत नाही. एका ठिकाणी सांगितलं, असले ग्रंथ प्राध्यापकांसाठी असतात, तुमच्या बायकांना कथा-कादंबऱ्या न्या, पाककृतींची पुस्तकं न्या. दुसऱ्या ठिकाणी अनामत रक्कम एवढी सांगितली की कुणी पुन्हा विचारूच नये. तिसऱ्या ठिकाणी आम्ही चौघी गेलो होतो, तर काउंटरवरच्या बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "आधी हात धुऊन या." तंबाखूचा वास हात धुऊन जात नाही. तो नखांत असतो, साडीत असतो, झोपेतही असतो. आमच्यातली एक त्या दिवसापासून कुठल्याच पुस्तकाला हात लावेना, नुसतं ऐकायची. आणि एका मंडळानं तर आमच्याकडे येऊन कार्यक्रम केला. बॅनर लावला, हार-तुरे झाले, कपाटभर पुस्तकं भेट दिली, फोटो काढले. कपाटात निघाली जुन्या स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं आणि कुणाच्या तरी घरातल्या कोऱ्या डायऱ्या. त्याची किल्लीसुद्धा ते सोबत घेऊन गेले. हे लिहिताना आजही माझा हात थरथरतो. गरीब माणसाला काय वाचावंसं वाटेल हे त्याला न विचारता ठरवून टाकणं हा अपमान आहे, आणि तो करणाऱ्यांना आपण उपकार करतोय असं वाटत होतं.

अशा मनःस्थितीत मी तुमच्याकडे आले. पुस्तकं माझ्या नावावर द्या, मी जबाबदारी घेते, असं म्हणाले. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि विचारलंत, "वाचणार कोण?" मी म्हणाले, बायका. तुम्ही म्हणालात, "मग त्यांनाच आणा की."

अण्णा, पुढचे सगळे तपशील मी विसरेन. फॉर्म, फोटो, वर्गणीचे हप्ते, तुम्ही कुणाशी काय बोललात आणि कसं जमवलंत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. पण एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. सगळ्यात पुढे त्याच अक्का होत्या, पुस्तकाला हात न लावणाऱ्या. तुम्ही त्यांना नाव विचारलंत. त्यांनी अर्धवट, खालच्या आवाजात सांगितलं. त्यांचं आडनाव तेलुगू, लांबलचक. रेशनकार्डावर ते एक तऱ्हेनं लिहिलंय, विडी कामगाराच्या ओळखपत्रावर दुसऱ्या तऱ्हेनं, मुलाच्या दाखल्यावर तिसऱ्याच. प्रत्येक वेळी टेबलापलीकडच्या माणसानं कानाला येईल तसं लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

तुम्ही ती जाड नोंदवही उचललीत आणि अख्खी फिरवून त्यांच्याकडे केलीत. दोरीला बांधलेलं पेन बाजूला सारून खिशातलं स्वतःचं पेन टोपण काढून त्यांच्या हातात दिलंत. म्हणालात, "अक्का, तुमचं नाव तुम्हीच लिहा. मी चुकीन."

अक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. लिहायची सवय मोडलेली. एकेक अक्षर काढायला त्यांना वेळ लागला. मागे रांग होती, एका गृहस्थांनी जोरात सुस्कारा सोडला. तुम्ही मान वर न करता एवढंच म्हणालात, "थांबा की. त्या लिहितायत."

त्या वहीत आमच्यातल्या प्रत्येकीचं नाव आता तिच्या स्वतःच्या अक्षरात आहे. आयुष्यभर यांची नावं दुसऱ्यांनी लिहिली. मजुरीच्या पुस्तकात, मतदार यादीत, दवाखान्याच्या केसपेपरवर. स्वतः लिहिलेलं नाव कुठल्या सरकारी-निमसरकारी दिसणाऱ्या वहीत असण्याची ही पहिली वेळ. बाहेर आल्यावर त्या अक्का पायरीवर बसल्या आणि पिशवीतून पुस्तक काढून मांडीवर ठेवून त्याची पानं उलटायला लागल्या. हात न धुता.

एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, ही त्यातली पहिली तीन. ती अनेक ठिकाणी चौकटीत लावलेली असतात. तुमच्या वाचनालयात अशी चौकट मी पाहिली नाही. तिथे तुम्ही आहात.

ढेऱ्यांचा ग्रंथ सोपा नाही. स्थलपुराणं, शिलालेख, मूर्तिशास्त्र, सगळं त्यात येतं. आम्ही हळूहळू गेलो. न कळलेलं दोनदा वाचलं, काही ठिकाणी मी तेलुगूत सांगितलं. विठ्ठलाची मुळं गवळी-धनगरांच्या दैवतात आहेत आणि त्याचा माग दक्षिणेत लागतो, हे मांडताना ढेरे तिरुमलैच्या वेंकटेशाशी, म्हणजे तिरुपतीच्या बालाजीशी, असलेलं त्याचं नातं उलगडतात. तिथे आमच्याकडे एकदम गलका झाला. वेंकटेश आमच्या देव्हाऱ्यातला आणि विठ्ठल आमच्या जिल्ह्यातला. ते दोघं एवढे जवळचे असतील असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. वारीला जाणाऱ्या अक्का म्हणाल्या, "म्हणजे मी परक्या देवाकडे जात नव्हते तर." तुमच्या गावात राहून, तुमचीच भाषा शिकून, तरीही कुणीतरी कायम 'हे मूळचे इथले नाहीत' म्हणत असलं, की अशा वाक्याची किंमत कळते. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथानं इतक्या वर्षांनी एका बाईला तिच्याच जिल्ह्यात घर दिलं. याला साहित्याचा अभ्यास म्हणतात आणि तो प्राध्यापकांपुरता ठेवायचा असतो, हे मला आता कुणी सांगू नये.

संतांनी सोसायला शिकवलं का, हा दुसरा प्रश्न मी तुम्हाला सहज बोलता बोलता सांगितला होता. पुढच्या खेपेला तुम्ही गं. बा. सरदारांचं 'संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' आधीच काढून ठेवलं होतं. संतांनी समाजाला निवृत्तीकडे नेलं असा ठपका राजवाड्यांसारख्या इतिहासकारांनी ठेवला होता, त्याला सरदारांनी दिलेलं हे उत्तर आहे, एवढं सांगून तुम्ही पुस्तक हातात ठेवलंत. वाचून झाल्यावर आमच्यात एकमत झालं नाही. निम्म्या सरदारांच्या बाजूच्या, निम्म्या राजवाड्यांच्या. भांडण अजून चालू आहे आणि मला त्याचा फार आनंद आहे.

अण्णा, या शहरात चांगली माणसं कमी नाहीत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत हरवलेलं पोर खांद्यावर घेऊन आई सापडेपर्यंत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. शेगावची पालखी आली की रस्त्यावर उभं राहून अनोळखी वारकऱ्याचे पाय चेपणारे पाहिले आहेत. पण यात्रेच्या दिवशी चांगलं वागणं आणि रोजच्या टेबलामागे बसून, पगार अपुरा असताना, पन्नासाव्या माणसाशीही पहिल्या माणसासारखं वागणं, यात दुसरं अवघड आहे. सार्वजनिक वाचनालयातल्या कर्मचाऱ्यांचं मानधन किती तुटपुंजं असतं हे मला माहीत आहे. त्यातून तुम्ही कुणावर चिडला असता तरी ते समजून घेता आलं असतं. तुम्ही चिडला नाहीत. समोरच्याला काय हवंय ते त्याला विचारलंत आणि त्याचं उत्तर खरं मानलंत. टेबलामागे बसणाऱ्या प्रत्येकानं, मग ते टेबल शाळेतलं असो, बँकेतलं असो की दवाखान्यातलं, एवढं केलं तर माझ्या गल्लीतल्या बायकांचं निम्मं आयुष्य सोपं होईल. मी स्वतः शाळेत टेबलामागे बसते. पालकांना आता मी नाव विचारते तेव्हा वही त्यांच्याकडे फिरवते.

आता कामाचं. ढेऱ्यांच्या ग्रंथाची पाठ सैल झाली आहे. ती आधीपासून थोडी निघालेली होती, आमच्याकडे आणखी निघाली. बाइंडिंगचा खर्च गटानं काढून ठेवला आहे, नाही म्हणू नका. पुढच्या खेपेला आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या, वचनांचं मराठीत काही असेल तर हवं आहे, कारण रोज देवळात जातो पण बाराव्या शतकात ते कानडीत काय म्हणाले ते वाचलेलं नाही, असं बायकांचं म्हणणं पडलं. दोघींना संतांमधल्या बायकांवर, जनाबाई आणि मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेवर, वाचायचं आहे. आणि लंपनची उरलेली तिन्ही पुस्तकं, 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर', क्रमानं द्या. मधलं आधी आलं तर आमच्याकडे कुणी ऐकून घेणार नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी वहिनींना घेऊन आमच्याकडे या. जेवूनच जायचं आहे. सरदार की राजवाडे या भांडणात तुमचं मत काय, ते सगळ्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

तुमची,
पूर्व भागातल्या वाचनगटातली एक शिक्षिका
सोलापूर