आधी मध, मग अक्षर

महोदय,

ज्यू मुलांना धर्मशिक्षण चित्र, गाणं आणि हालचालींतून द्यावं म्हटलं की काहींना तो नवा थिल्लरपणा वाटतो. नवा कसला? मध्ययुगात पाटीवरच्या हिब्रू अक्षरांना मध लावून तो पोरांना चाटायला देत. पुरीम या ज्यू सणाला एस्तेर राणीची कथा वाचताना त्यातल्या दुष्ट हामानचं नाव आलं रे आलं की खुळखुळे फिरवून, पाय आपटून ते बुडवून टाकायचं. त्या एका नावासाठी पोरं कान टवकारून बसतात, म्हणजे अख्खी कथा ऐकतात! तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथसुद्धा सुरातच वाचतात. पाठांतराला माझा विरोध नाही. पण हिब्रूची २२ अक्षरं अंग वाकवून करून दाखवायची तर जागा लागते. तेवढी बाकं भिंतीला सरकवा.

– एक शिक्षिका