'ईट' म्हणजे नुसतं 'खाणं' नव्हे

संपादक महोदय,

आपल्या विद्यार्थी पुरवणीतलं इंग्रजी वाक्प्रचारांचं सदर मी नेमाने वाचते. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून हे पत्र. डावीकडे 'ईट युवर वर्ड्स', उजवीकडे अर्थ, खाली पुढचा वाक्प्रचार, ही मांडणी मुलं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. खाण्याच्या शब्दांबाबत तर ही पद्धत मला मुळीच पटत नाही. तिथे मराठी मुलाला निम्मं आधीच येत असतं.

सुरुवात साध्या खाण्यापासून करावी. आपल्याकडे जेवणं वेगळं, खाणं वेगळं. इंग्रजीत दोन्हींना 'ईट'च. 'हॅव यू ईटन?' म्हणजे 'जेवलात का?' काय खाल्लं हे न सांगता नुसतं 'ईट' आलं, की बहुधा जेवणाचीच गोष्ट असते. आपण गोळी खातो, इंग्रजीत ती 'टेक' करतात. सूप वाडग्यातून चमच्याने घेतलं तर 'ईट', कपाने प्यायलं तर 'ड्रिंक'.

खरी गंमत लाक्षणिक अर्थांत आहे. 'ही हॅड टू ईट हिज वर्ड्स' याचं भाषांतर 'त्याला शब्द खावे लागले' असं उत्तरपत्रिकेत हमखास येतं. मराठीत शब्द खातो तो अस्पष्ट बोलणारा. इंग्रजीतल्या माणसाला मात्र आपलं बोलणं चुकल्याचं कबूल करून ते मागे घ्यावं लागलेलं असतं. उलट बाजूनेही हेच होतं. मार खाल्ला, पैसे खाल्ले, भाव खाल्ला, यांपैकी एकाही ठिकाणी 'ईट' चालत नाही. मार आणि लाच दोन्ही 'टेक' होतात, आणि 'द कार ईट्स मनी' म्हटलं तर कुणी लाच घेतलेली नसते, गाडीला खर्च फार येतो.

पण जुळतं तेही पुष्कळ आहे, आणि ते मुलांना दाखवायलाच हवं. गंज लोखंड खातो, तसं ॲसिड धातू 'ईट अवे' करतं. तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने चित्र कोरायच्या 'एचिंग' या शब्दाचं मूळही 'खायला लावणं' असंच आहे. 'स्वॉलो युवर प्राइड' म्हणजे अभिमान गिळणं. 'हार्ड टू स्वॉलो' म्हणजे गळी न उतरणारं. बातमी 'डायजेस्ट' व्हायला वेळ लागतो, तशी आपल्याही ती पचनी पडावी लागते. 'रुमिनेट' म्हणजे गायीचं रवंथ करणं आणि माणसाचं एकाच विचारात घोळत राहणंही.

आणि मन खाणं! 'व्हॉट्स ईटिंग यू?' हा प्रश्न कुणी पाठ का करावा? 'तुझं मन कशाने खातंय' हे ज्याला कळतं, त्याला तो शिकवावाच लागत नाही. 'रिमोर्स'च्या पोटात चावणं या अर्थाचा लॅटिन धातू आहे. 'फ्रेट' म्हणजे काळजी करत बसणं; जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता फडशा पाडणं, आणि जर्मन भाषेत जनावराच्या खाण्याला आजही त्याचंच भावंड, 'फ्रेसेन', वापरतात. हे एकदा सांगितलं की पुढच्या बाकावरचीच नव्हे, मागची मुलंही मान वर करून ऐकतात. माझ्या वर्गात ते दरवर्षी व्हायचं.

तेव्हा सदराच्या लेखकांना विनंती, की वर्णानुक्रम सोडावा. एका आठवड्यात एकच क्रियापद घ्यावं, आधी त्याचा रोजचा वापर, मग लाक्षणिक, आणि शेजारी मराठी: कुठे जुळतं, कुठे फसवतं. 'ईट' झाल्यावर 'बाइट' आणि 'च्यू' घेता येतील. 'च्यू ओव्हर' म्हणजे एखाद्या गोष्टीवर सावकाश विचार करणं; आपल्याकडे तोच तो विषय चघळणाऱ्याला मात्र कंटाळून गप्प करतात. एवढ्या एका फरकावरही पूर्ण तास घेता येतो.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका