काँक्रीट ओतण्याआधीचा स्कॅन: सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

लेझर स्कॅनर आणि आभासी वास्तवाचे हेडसेट वापरून बांधकामांवर दुरून देखरेख ठेवण्याचा मी पुरस्कर्ता आहे. मात्र स्कॅन नेमका कधी घ्यायचा हे नियमात आले नाही, तर सगळा खर्च देखाव्यापुरता उरेल.

स्लॅबमधल्या सळ्या किती अंतरावर बांधल्या आहेत, रिंगा (मुख्य सळ्यांभोवतीचे पोलादी वेढे) आराखड्याप्रमाणे आहेत का, कव्हर ब्लॉक (सळ्या साच्यापासून ठराविक अंतरावर ठेवणारे ठोकळे) जागेवर आहेत का, हे पाहण्याची संधी एकदाच मिळते, आणि तीही बांधणी संपल्यापासून काँक्रीट ओतेपर्यंत, पुष्कळदा एखाद्या संध्याकाळपुरती. त्या संध्याकाळी अभियंता दुसऱ्या साइटवर असतो आणि त्याच्या मोबाइलवर एक छायाचित्र येते. तिरप्या कोनातून पाहिले की १५० ऐवजी २०० मिलिमीटरवर बांधलेली जाळीही दाट भासते. अशा छायाचित्रावर विसंबून मी स्वतः होकार दिला आहे, आणि पुढे पोलादाचा हिशेब जुळेना तेव्हा पस्तावलोही आहे.

तिपाईवरचा स्कॅनर प्रकाश जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून, किंवा परतलेल्या लहरीच्या कलेतील (फेजमधील) फरकावरून, दर सेकंदाला लाखो बिंदूंची अंतरे मोजतो, आणि साइटवरच्या नेहमीच्या अंतरांवर ही मोजणी काही मिलिमीटरपर्यंत अचूक असते. अनेक जागांवरून घेतलेले स्कॅन जुळवून तयार झालेला बिंदुमेघ, म्हणजे मोजलेल्या सगळ्या बिंदूंचा संच, त्रिमिती आराखड्यावर बसवला, की सरकलेला खांब किंवा ओळंब्यात नसलेली भिंत वेगळ्या रंगात उठून दिसते. हेडसेट घातलेला अभियंता कचेरीतूनच त्या जाळीपाशी वाकून दोन सळ्यांमधले अंतर मोजू शकतो आणि संकल्पकाराला त्याच जागी बोलावून शंका विचारू शकतो.

लेझरला मर्यादाही आहेत. तो काँक्रीटच्या आत शिरत नाही, खालच्या थरातील सळ्या वरच्या सळ्यांआड लपतात आणि साचलेले पाणी, काच किंवा चकचकीत पत्रा मोजणी बिघडवतो. काँक्रीटची ताकद आणि क्युरिंग (ओतल्यावर ते ओले ठेवणे) यांसाठी क्यूब चाचणी (काँक्रीटचे नमुना ठोकळे दाबून पाहणे) व प्रत्यक्ष भेट यांना पर्याय नाही.

म्हणून माझी मागणी अशी, की ओतकामाची परवानगी आणि त्या कामाचे बिल, दोन्ही ओतकामाआधीच्या स्कॅनवर अवलंबून ठेवावीत. स्कॅन कंत्राटदाराच्या पगारावर नसलेल्या माणसाने करावा, आणि त्याची न छाटलेली मूळ माहिती ई-५७ सारख्या खुल्या, म्हणजे एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरशी न बांधलेल्या, फाइल-स्वरूपात विभागाच्या ताब्यात राहावी. त्याऐवजी रंगीत चलचित्र स्वीकारू नये (बैठकीत ते फार छान दिसते, याची मला कल्पना आहे). प्रत्येक स्कॅन साइटवरच्या कायम सर्वेक्षण खुणांशी जोडणेही सक्तीचे असावे, कारण तसे नसेल तर पहिल्या मजल्याची जाळी तिसऱ्या मजल्याची म्हणून दाखवायला फारसे कौशल्य लागत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दर्जा नियंत्रण अभियंता