चाकाच्या रेषेतून बाजूला उभं राहायला शिकवणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांना वाचता येईल असं उघडपणे लिहिते आहे, कारण समोरासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही चहाचा कप खाली ठेवता आणि "मशीनची वायर बदलली का?" असं विचारून बोलणं तिथेच थांबवता. शिवाय मकरपुऱ्याच्या आमच्या शेडमध्ये तुम्ही जे शिकवलंत, ते ग्रिल, गेट, रेलिंगचं काम करणाऱ्या इतरांपर्यंतही पोहोचावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या बडोद्यात अशा लहान शेड किती तरी आहेत. जवळपास प्रत्येक शेडमध्ये १४ इंची कटऑफ मशीन, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या घर्षणचाकाने लोखंड कापणारं यंत्र, असतं. अनेक ठिकाणी ते जमिनीवर ठेवून, उकिडवं बसून, पाइपवर पाय दाबून आणि गार्ड, म्हणजे चाकावरचं संरक्षक झाकण, तारेने वर बांधून चालवलं जातं.

बाबा आजारी पडले आणि शेड माझ्याकडे आली, तेव्हा मला हिशेब येत होता, कोटेशन करता येत होतं, लोखंडाचे भाव तोंडपाठ होते. मशीनवर बोलायचं काम माझं नाही, असं मात्र कारागिरांनाही वाटे आणि मलाही. तुम्ही दांडिया बाजारातून स्कूटरवर आलात ते बाबांचे जुने मित्र म्हणून, तब्येतीची चौकशी करायला. पण तुमची उभी हयात टूलरूममध्ये, हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या विभागात, गेलेली. पलीकडे मशीनचा आवाज बदलला तसे तुम्ही बोलता बोलता उठलात आणि बाहेर जाऊन बघत उभे राहिलात. त्यानंतर दर शनिवारी दुपारी येत राहिलात. एक पैसा घेतला नाहीत.

माझं सगळ्यात मोठं ऋण हे की तुम्ही कारण सांगितल्याशिवाय एकही नियम घातला नाहीत. आमच्याकडे कामाला असलेली मुलं दाहोदकडची आहेत, बिहारची आहेत. "असं करू नको" हे त्यांनी जन्मभर ऐकलेलं, आणि सांगणाऱ्याची पाठ वळली की ते विसरून जायचं हेही अंगवळणी पडलेलं. तुम्ही खडू घेतलात आणि शेडच्या पत्र्यावर गणित मांडलंत. चाक ३५५ मिलिमीटरचं, म्हणजे घेर साधारण १११ सेंटीमीटर. मशीन मिनिटाला ३,८०० फेरे घेतं. म्हणजे चाकाची कड मिनिटाला सव्वाचार किलोमीटर धावते, ताशी अडीचशे किलोमीटर. याच वेगाने निघालेली गाडी इथून अहमदाबादला अर्ध्या तासाच्या आत पोहोचेल, हे तुम्ही गुजरातीत सांगितलंत तेव्हा मुलं एकदम गप्प झाली. मग तुम्ही विचारलंत, चाक फुटलं तर तुकडा कुठे जाईल? उत्तर त्यांनीच दिलं: चाक ज्या रेषेत फिरतं त्या रेषेत. त्या दिवसापासून मशीनच्या ऐन समोर कुणी उभं राहत नाही. जमिनीवर पिवळा पट्टा मारला आहे. चालवणारा पट्ट्याच्या डावीकडे असतो, आणि समोरच्या बाजूने कुणी जात-येत नाही.

मशीनशेजारी पाटी लावायचा आग्रहही तुमचाच. चाकाची कमाल सुरक्षित गती आणि स्पिंडलची, म्हणजे चाक बसवलेल्या दांड्याची, गती लिहिलेली सूचना घर्षणचाकाच्या प्रत्येक यंत्राजवळ असलीच पाहिजे, असं १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३०व्या कलमात लिहिलेलं होतं, हे मला तुमच्याकडून कळलं. शेड लहान, कलम आपल्याला लागू पडो न पडो, पाटी गुजराती आणि हिंदीत लागली.

चाक विकत घेणं हीसुद्धा शिकायची गोष्ट असते, हे कुठे ठाऊक होतं! घाऊक दुकानातून स्वस्त पडेल तो गठ्ठा उचलायचा, एवढीच रीत. तुम्ही मला लेबल वाचायला बसवलंत. 'ए' म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण, लोखंड-पोलादासाठी. 'बीएफ' म्हणजे कण कृत्रिम राळेने बांधलेले आणि आत काचधाग्यांची जाळी. लेबलवर छापलेली कमाल गती मशीनच्या गतीपेक्षा जास्तच हवी. आणि मधल्या धातूच्या कड्यावरची तारीख! राळेच्या चाकाला तीन वर्षांची मुदत असते. राळ ओल धरते, आणि जुनी झाली की कमकुवत होते. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते. म्हणून चाकं आता पत्र्याच्या कपाटात, सपाट प्लेटवर आडवी ठेवतो. खाली पडलेलं चाक वरून धड दिसलं तरी मोडून भंगारात टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणी उचलून लावू नये. एकदा मुदत उलटलेला माल मी दुकानदाराला परत पाठवला, तेव्हा तो म्हणाला, "बेन, एवढं कोणी बघत नाही." मी बघते, कारण तुम्ही बघायला शिकवलंत.

बाबा चाकावर टकटक करून आवाज ऐकायचे. ती पद्धत तुम्ही खोटी ठरवली नाहीत, हे मला फार आवडलं. बेंच ग्राइंडरच्या भाजलेल्या दगडाला ती चालते, तडा नसेल तर दगड स्वच्छ वाजतो. राळेचं चाक तसं वाजतच नाही, म्हणून त्याच्या आवाजावर भरवसा न ठेवता उजेडात धरून दोन्ही बाजू आणि मधलं भोक नीट तपासायचं. बाबांसमोर तुम्ही हे ज्या आदराने सांगितलंत, त्यामुळे त्यांनीच मान डोलावली.

चाक बदलताना स्विच बंद करून भागत नाही, प्लग ओढून बाजूला दिसेल असा ठेवायचा. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे फ्लँज, म्हणजे धातूच्या चकत्या, एकाच मापाचे आणि स्वच्छ असायला हवेत. बसवल्यावर गार्ड खाली घेऊन, बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामं फिरवायचं. हे मिनिट मुलांना सुरुवातीला वाया गेल्यासारखं वाटायचं. आता तेच म्हणतात, "एक मिनट रुको."

खरी कारागिरी तुम्ही पकडीत दाखवलीत. अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी, आमच्याकडे कसाही टाकला जायचा, एक बाजू आडवी, एक उभी. चाक उभी बाजू झटकन कापतं आणि आडवीवर आलं की एकदम रुंद लोखंडावर अडतं, तापतं, कारागीर जोर लावतो. तुम्ही अँगल पालथा घातलात, कोपरा वर आणि दोन्ही पाय खाली, आणि व्हाइस, म्हणजे मशीनचा शिकंजा, आवळला. चाकापुढे सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखंच लोखंड येऊ लागलं. कट सरळ, चाकाची झीज कमी, आणि हाताला जोर लागेनासा झाला. लांब पाइपच्या मागच्या टोकाला त्याच उंचीचा स्टँड आला. कापून सुटणारा तुकडा मात्र मोकळा खाली पडू द्यायचा, त्याला पुढून टेकू द्यायचा नाही, नाहीतर चीर मिटते आणि चाक आवळलं जातं. आधी चाक पूर्ण वेगात येऊ दे, मग लोखंडाला हलकेच लाव, एकसारखा दाब ठेव, आणि कट झाल्यावर चाक थांबेपर्यंत व्हाइसला हात लावू नको. "आवाज ऐक," तुम्ही म्हणायचात, "चाक रडायला लागलं की दाब जास्त झालाय."

हाताच्या ग्राइंडरबद्दल तुम्ही रागावलात, ते एकदाच. शेजारच्या शेडमधल्या एकाने ४ इंची ग्राइंडरचा गार्ड काढून ७ इंची डिस्क चढवली होती. तुम्ही त्याला हाताला धरून आमच्या पत्र्यापाशी आणलंत. त्या डिस्कची मर्यादा मिनिटाला सुमारे ८,५०० फेरे, लहान ग्राइंडर फिरतो ११,००० च्या आसपास. आणि डिस्कला बाहेर ओढणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे मर्यादेच्या दीडपटीहून अधिक. तो तरुण काही बोलला नाही, पण डिस्क तिथेच काढून ठेवली.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हे पत्र लिहायला बसले. तुम्हाला फोनवर सांगितली होती, पण घाईत. एका जिन्याच्या रेलिंगचा माल कापत होतो. बाहेर टेम्पोतून माल उतरत होता आणि एका हमालाच्या खांद्यावरची पट्टी वळताना नेमकी कापत्या पाइपच्या मागच्या टोकाला लागली. पाइप हलला, चीर आवळली, चाक फुटलं. अर्ध्याहून मोठा तुकडा गार्डने अडवला. दुसरा सुटला तो पिवळ्या पट्ट्याच्या रेषेत जाऊन मागच्या पत्र्यात रुतला. त्या रेषेत कुणीही नव्हतं. दाहोदचा तो मुलगा डावीकडे उभा होता, डोळ्यांवर गॉगल, त्यावर फेसशील्ड. त्याने स्विच सोडला, प्लग ओढला, आणि मगच मागे वळून आम्हाला सांगितलं की मला काही झालेलं नाही. त्याला पाच वर्षांची मुलगी आहे. रात्री त्याच्या बायकोचा फोन आला. तिला तुमचं नाव माहीत नाही. "वो स्कूटरवाले दादा को बोलना," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. तो निरोप तुमच्यापर्यंत पोहोचवायचा राहिला होता, तो इथे पोहोचवते.

गॉगल आणि शील्ड दोन्ही कशाला, यावरून आधी कुरबुर होतीच. शील्डच्या खालून उडालेला कण डोळ्यात जातो आणि साध्या चष्म्याच्या बाजू उघड्या असतात, हे तुम्ही समजावलंत. त्याहून महत्त्वाचं, कण गेलाच तर काय करू नये तेही सांगितलंत. चोळायचं नाही. रुमालाच्या टोकाने किंवा काडीने काढायला दुसऱ्यापुढे डोळा उघडायचा नाही. लोखंडाचा कण बुबुळावर बसला की काही तासांतच त्याच्याभोवती गंजाचं कडं धरू लागतं, ते डॉक्टरनेच काढायचं. आता शंका आली की काम टाकून थेट सयाजी हॉस्पिटल. त्या दिवसाचा पगार कापला जात नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं आहे. पगार कापला तर माणूस डोळा लपवतो.

माझ्यासाठी नियम वेगळा ठेवला नाहीत, याचंही मला मोल आहे. ओढणी ऑफिसात ठेवल्याशिवाय मशीनपाशी यायचं नाही. मुलांच्या गळ्यातल्या माळा आणि मनगटावरचे सैल धागे आत, सैल सुती हातमोजे बंद. चामड्याचे हातमोजे घालायचे ते कापलेला गरम तुकडा उचलायला.

ठिणग्यांबद्दल तुम्ही सांगितलेलं मी आता गिऱ्हाइकांनाही सांगते. त्या कित्येक मीटर जातात आणि कॉटन वेस्टच्या, म्हणजे पुसायच्या सुती धाग्यांच्या, ढिगात पडल्या तर लगेच पेटत नाहीत, आत धुमसतात. म्हणून शेवटचा कट शेड बंद करायच्या किमान अर्धा तास आधी. थिनर आणि प्रायमर मागच्या खोलीत गेले. आणि ड्रम! दर उन्हाळ्यात कुणी तरी झाकण असलेला रिकामा ड्रम घेऊन येतं, अर्धा कापून द्या म्हणतं. आत थिनरचा वा तेलाचा थेंब दिसत नसला तरी वाफ असते, हवेशी मिसळलेली, आणि तिला एक ठिणगी पुरते. आम्ही ड्रम कापत नाही. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल.

जस्ताचा मुलामा दिलेले पाइप कापायचे किंवा वेल्ड करायचे असले की काम दाराशी, वाऱ्याच्या बाजूने, मास्क लावून. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरायचा, तो मलेरिया समजून मुलं गोळ्या खायची. तो जस्ताच्या धुराचाही असू शकतो, हे तुम्ही ओळखलंत.

तुम्ही मागच्या वेळी विचारलं होतंत त्याचं उत्तर: वायर बदलली, अर्थिंग तपासून घेतलं, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. इअरमफचं मात्र जमत नाही. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो, तरी मोबाइल वाजला की मुलं मफ काढतात आणि परत लावत नाहीत. माझ्या सांगण्याचा उपयोग होत नाही. शनिवारी आलात की तुमच्या डाव्या कानाबद्दल त्यांना सांगाल का? टूलरूममध्ये कसा गेला, आणि नातवाचं बोलणं ऐकायला आता मान का वळवावी लागते, ते. हे मागताना संकोच वाटतो, पण तुमचं ते ऐकतील.

काकूंना नमस्कार. बाबा तुमची वाट बघतात.

आपली कृतज्ञ,
मकरपुऱ्याच्या शेडमधली तुमची लेक