गिरणगावात दळायचं कुठे?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मध्यंतरी आमच्या लालबाग-परळ भागाचे फोटो आले होते, पूर्वी आणि आता असे शेजारी शेजारी लावून, खाली ओळ होती की गिरणगावाने कात टाकली. फोटो छानच होते, आमच्या ह्यांनी कापून पण ठेवलेत. पण ते बघून मला एकच विचारावंसं वाटलं आणि हसू नका, की या कात टाकलेल्या गिरणगावात दहा किलो गहू दळायचे असतील तर माणसाने जायचं कुठे?

मी करी रोडला राहते, लग्नाआधीपण इथेच आणि लग्नानंतरपण इथेच, फक्त गल्ली बदलली. वडील कापडगिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर, होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होते आणि नंतर ते परत गिरणीत गेलेच नाहीत, हे आमच्याकडे दर दुसऱ्या घरातलं आहे म्हणून जास्त लिहीत नाही. आई खाणावळ चालवायची. साताऱ्याकडची पंधरा-सोळा माणसं जेवायला असायची, तिन्ही पाळ्यांची, त्यामुळे आमची चूल कधी पूर्ण विझलीच नाही. १९७५ ला प्रेमाताई पुरवांनी खाणावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकांची कर्जं मिळवून दिली, त्यातलं एक आईनेपण घेतलं होतं. तर अशा खाणावळीला आठवड्याला किती ज्वारी लागत असेल विचार करा आणि ती डोक्यावरून चाळीच्या खालच्या पिठाच्या गिरणीत न्यायची ड्युटी माझी. म्हणजे वडील एका गिरणीत आणि मी एका गिरणीत असं आई म्हणायची.

आता तुम्ही म्हणाल काकू जुन्या आठवणी काढत बसल्या. नाही हो. मला चाळीचं कौतुक नाहीये, कॉमन संडासाच्या लाइनीत डबा घेऊन उभं राहिलेली बाई चाळीचं कौतुक करत नाही, ते करतात ते सगळे ठाण्या-पुण्याला टू बीएचकेत राहतात. आमची बिल्डिंग सेसची होती, म्हणजे दुरुस्तीचा कर भरणारी जुनी, आणि पागडीची, म्हणजे एकदा मोठी रक्कम देऊन पुढे नाममात्र भाड्याची, पावसात जिन्याला टेकू लावायची वेळ आली होती. रिडेव्हलपमेंटला पहिल्या दहात सही केलेली मी आहे. आज चौदाव्या मजल्यावर राहते, संडास घरात आहे, लिफ्ट आहे, पाणी २४ तास नाही पण पुरेसं आहे. बीडीडी चाळींच्या लोकांना १६० फुटांच्या खोलीच्या जागी ५०० फूट मिळतायत, वरळीला २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या तेव्हा माझी चुलत नणंद फोनवर ढसाढसा रडली, आनंदाने. त्यात वाईट काय आहे. मिळायलाच पाहिजे होतं आणि वीस वर्षं आधी मिळायला पाहिजे होतं.

तक्रार घरांची नाहीये, तळमजल्याची आहे.

आमच्या जुन्या बिल्डिंगच्या खाली सात गाळे होते. पिठाची गिरणी, वाणी, लॉन्ड्री, दूधवाला, एक टेलर, एक सायकलवाला आणि एक कायम बंद असलेला गाळा ज्याचा मालक कोण ते कोणालाच माहीत नव्हतं. शिवाय जिन्याखाली एक चप्पल शिवणारे काका आणि फुटपाथला लागून चावीवाला. गिरणीवाले काका मूळ मालक नव्हते हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं, तीस वर्षं त्यांच्याच हाताने पीठ घेतलं, पण पागडी दुसऱ्याच्या नावावर आणि हे त्यांना भाडं देणारे. तोंडी सगळं. संमतीपत्रावर सह्या घ्यायला बिल्डरची माणसं आली तेव्हा बसायला जागा नव्हती म्हणून सगळे कागद गिरणीच्या काउंटरवरच ठेवले होते, माझ्या सहीच्या बाजूला पिठाचा अंगठा उमटलेला मला स्वतःला आठवतोय. त्याच काउंटरमागे उभ्या राहिलेल्या माणसाची सही मात्र कोणी मागितली नाही, कारण यादीत तो नव्हताच.

नियम असा आहे, मी त्यातली एक्स्पर्ट नाही पण मीटिंगांना बसून बसून इतकं कळलं, की जुन्या सेस बिल्डिंगमध्ये राहणाऱ्याला ठरलेला कमीत कमी एरिया मिळतो, जुनी खोली त्याहून लहान असली तरी, आणि दुकानाला जेवढी जागा होती तेवढीच जागा. बरोबर आहे. पण जागा मोजतात, त्या जागेत काय चालायचं ते कोणी मोजत नाही. आमच्या गिरणीचा ११० फुटांचा गाळा मूळ पागडीवाल्याला नव्या बिल्डिंगमध्ये अगदी बरोब्बर मिळाला, रोडसाइडला. त्याने तो शेजारच्या दोन गाळ्यांबरोबर एका दहा मिनिटांत डिलिव्हरी देणाऱ्या कंपनीला भाड्याने दिला. आता तिथे शटर अर्धं खाली असतं, आत ट्यूबलाइट, रॅकच रॅक आणि बाहेर फुटपाथवर पंचवीस स्कूटर आणि त्यावर मोबाइलकडे बघत बसलेली पोरं. दुकान आहे पण आत जाता येत नाही, वस्तू दिसतात पण मागायच्या फोनवरून. त्या पोरांवर माझा राग नाही, आमच्या गावाकडचाच एक आहे त्यात, ऊन-पावसात त्यांना बसायला बाकडं पण नाही. आणि खरं सांगायचं तर गुडघे दुखतात तेव्हा मीपण त्याच ॲपवरून मागवते. एकदा पिठाची पिशवीपण मागवली, आणि ती आली कुठून तर बरोब्बर त्याच जागेतून जिथे काका पीठ दळायचे. त्या दिवशी पोळ्या काय मला नीट लाटता आल्या नाहीत.

बाकी गाळ्यांचं थोडक्यात सांगते. एक कॅफे झालाय तिथे आंबवलेल्या पिठाचा जाड सालीचा पाव मिळतो, त्याला सावरडो म्हणतात, सुनेने आणला होता, पावणेतीनशे रुपये. चांगला होता, खोटं कशाला बोलू, रश्श्याबरोबर तर फारच. त्याच्या शेजारी कुत्र्यांचं पार्लर आणि त्याच्या शेजारी नखांचं. म्हणजे आमच्या तळमजल्यावर आज पावणेतीनशेचा पाव मिळतो, कुत्र्याची अंघोळ होते, पण दळण दळून मिळत नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उठून विचारलं की मागच्या बाजूला, जिथे जनरेटर ठेवलाय तिथे शेजारी, एखाद्या गिरणीला जागा देता येईल का. आवाज होईल, पीठ उडेल, थ्री फेजचं कनेक्शन लागेल, फायरची परवानगी, पोडियम खराब होईल अशी सगळी उत्तरं आली. जनरेटरचा आवाज चालतो. शेवटी एक मुलगा, चांगला आहे, हुशार आहे, म्हणाला काकू तुम्ही घरगुती आटाचक्की घ्या ना. घेतली असती, बाविसेक हजाराला येते, पण आमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी घेतली तर खालचे लोक, म्हणजे आम्हीच, पहिले तक्रार करायला गेलो होतो. शिवाय त्यात थालीपिठाची भाजणी भरडसर येत नाही ती नाहीच. काकांकडे मी फक्त डबा ठेवायचे आणि त्यांना कळायचं की हे चकलीचं आहे की थालिपिठाचं, ज्वारीवर गहू टाकायचे नाहीत, गणपतीच्या आधी आठ दिवस तांदळाची पिठी आधी आणि बाकी सगळं नंतर. दगडाला टाकी लावली, म्हणजे छिन्नीने खाचा पाडल्या, की पहिलं दळण कोणाचं घ्यायचं नाही, ते स्वतःच्या घरी न्यायचे. शेवटची मूठ निघावी म्हणून पीठ पडायच्या तोंडाला बांधलेल्या कापडाला काठीने दोनदा थोपटायचे, तिसऱ्यांदा नाही, कारण तिसऱ्यांदा निघतं ते आधीच्या माणसाचं असतं म्हणे. हे खरं की खोटं देव जाणे.

काही जण म्हणतात की मागणी असेल तर दुकान आपोआप येईल. मागणी नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी मार्च-एप्रिलमध्ये लालबागच्या मिरची गल्लीत येऊन बघावं. विरार-कल्याणहून बायका लोकलने येतात, बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी निवडून घेतात, धणे, दगडफूल, नागकेशर, सगळं तिथेच भाजून तिथेच डंकीवर कुटून पिशव्या भरून घेऊन जातात, पाऊण गल्ली शिंकत असते. म्हणजे ताजं दळलेलं, कुटलेलं लोकांना आजपण पाहिजे आहे आणि त्यासाठी ते दोन तास प्रवास करायला तयार आहेत. प्रश्न आहे भाड्याचा. किलोला दहा रुपये घेणारा माणूस नखांच्या पार्लरएवढं भाडं देऊच शकत नाही, त्यात मागणीचा काय संबंध. आणि मिरची गल्लीच्या आजूबाजूलापण टॉवर चढतायत, तिथले गाळे उद्या कोणाच्या नावावर असतील आणि आत कोण असेल हे आत्ताच कोणीतरी लिहून ठेवायला नको का?

कागदावरच्या एका शब्दाने काय होतं ते आम्ही एकदा बघितलंय. गिरण्यांच्या जमिनीचा १९९१ चा नियम होता की ढोबळमानाने तीन वाटे करायचे, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ ला त्यात बदल झाला की वाटे करायचे ते फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीचे, आणि गिरणीत मोकळी जमीन असते किती, सगळी शेडच. २००६ ला सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. त्यानंतर लोअर परळला काय काय उभं राहिलं ते तुमच्या फोटोत आहेच, आणि गिरणी कामगारांना आता घरं दाखवतायत शेलू-वांगणीला, पार कर्जतच्या बाजूला. त्या बदलाच्या वेळी आमच्यापैकी कोणाला तो शब्द कळलाच नव्हता, पेपरात आला असेल पण कोण वाचतो. म्हणून या वेळी आधीच लिहितेय.

आणि एवढं सगळं उभं राहिलं तरी चालायचे रस्ते तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या पादचारी पुलावर २३ माणसं चेंगरून गेली, त्यानंतर स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. डिलाइल रोडचा पूल २०१८ ला बंद झाला तो पूर्ण सुरू व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला, पाच वर्षांत पुलाच्या आजूबाजूचे किती छोटे दुकानदार गेले ते त्यांनाच माहीत, गिऱ्हाईक फिरून यायला तयार नसतं. एल्फिन्स्टनचा गाड्यांचा पूल २०२५ च्या सप्टेंबरला पाडायला घेतला. टॉवरला मात्र कधी पाच वर्षं लागलेली मी तरी पाहिली नाहीत (आमचाच सोडून, आमच्याला नऊ लागली, त्यातली सात ट्रान्झिट कॅम्पच्या तात्पुरत्या घरात काढली).

माझी मागणी छोटी आहे. जुनी बिल्डिंग पाडायच्या आधी राहणाऱ्यांची यादी होते तशी खाली काय काय चालतं त्याची पण यादी करा, मालकाच्या नावाने नाही, धंद्याच्या नावाने. पिठाची गिरणी, चप्पल शिवणारा, इस्त्रीवाला, टेलर. आणि नवीन प्लॅन पास करताना दोन छोटे गाळे, मागच्या बाजूला का होईना, अशा कामासाठीच राखून ठेवा, विकता येणार नाहीत असे, भाडं सोसायटीने ठरवायचं. पार्किंग किती पाहिजे ते नियमात लिहिता येतं तर हे का नाही लिहिता येत? आमच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगचे चार मजले आहेत आणि जुन्या भाडेकरूंपैकी गाडी आहे अकरा जणांकडे. हे मी वॉर्ड ऑफिसला पण लिहून दिलं होतं, तिथून म्हाडाकडे जा सांगितलं, तिथून बिल्डरकडे जा. मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षं तर महापालिकेत नगरसेवकच नव्हते, सांगणार कोणाला. आता सापडतील त्यांना सांगणार आहे, पण म्हटलं आधी पेपरला लिहावं, तुमचं वाचतात तरी.

काका आता नालासोपाऱ्याला मुलाकडे असतात. फोन केला होता, म्हणाले तिकडे गिरणी टाकायला जागा आहे, पण आता खांदा उचलत नाही. गिरणीचे दगड विकले का विचारलं तर नाही म्हणाले, गॅलरीत ठेवलेत, वर कुंड्या ठेवल्यात.

मी सध्या पुलापलीकडे जाते, तिकडे एक जुनी चाळ अजून उभी आहे आणि तिच्या खाली एक गिरणी आहे. जाताना रिकाम्या हाताने टॅक्सी मिळते, दळणाचा डबा बघितला की थांबत नाही, म्हणून मी डबा सोडून ट्रॉली बॅगेत गहू नेते, वॉचमनला वाटतं काकू दर आठवड्याला गावाला जातात. त्या चाळीवर पण बोर्ड लागलाय आता, बिल्डरचा, टॉवरचं चित्र आहे, खाली झाडं आणि एक बाई कुत्रा घेऊन चाललीय. गिरणीवाल्याला विचारलं कधीपर्यंत आहात, तर म्हणाला दिवाळीपर्यंत तरी आहे, फराळाचं आणा.

आपली,
एक वाचक, करी रोड, मुंबई